नाकाबुगो रोडावली

पाळी गेली आणि नाकाबुगो अंगानं सुटली. त्यांच्या मसाका भागात बाई सुटली की लोक नवऱ्याचं कौतुक करतात, त्यामुळे सेम्वांगा खुशीत होता. पण पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत तिनं पाहुण्यांपुढे रीतीप्रमाणे गुडघे टेकले, ते टेकलेच. दोन पोरींनी काखेत हात घालून तिला उठवलं. त्यात साखरही वाढलेली. दवाखान्यातली नर्स म्हणाली, वजन उतरवा, नाहीतर हातात काठी येईल.

तेव्हापासून ती पहाटे केळीच्या बागांमधून चालून यायची. ताटातला वाफवलेल्या केळ्यांचा डोंगर जाऊन मुठीएवढा गोळा राहिला आणि शेंगदाण्याच्या रश्श्याच्या जागी पालेभाजी आली. जीव विटायचा. भूक लागायची, झोप लागायची नाही. पण उठताबसताना गुडघा ओरडेनासा झाला होता, एवढ्यावर ती रेटत होती.

ती रोडावली आणि गावाची जीभ सुटली.

"बाजारात मला विचारतात, बायकोला उपाशी ठेवतोस का," सेम्वांगा म्हणाला. "बाकीचे त्या आजाराचं नाव घेतात, एड्सचं. रविवारी चर्चच्या बायका येतायत. त्यांनी आजारी म्हटलं, तर तुझं चालणं बंद. मुकाट्यानं पोटभर खायचं."

"तुमची अब्रू जाते, माझे पाय जातात," ती म्हणाली. पुढे भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं.

रविवारी बायका कोंबडी नि केळ्यांचे घड घेऊन आल्या. भीक नको पण कुत्रं आवर, अशी तिची गत झाली. त्यांनीच रांधलं आणि तिच्यापुढे ताट शिगोशीग भरलं. भेटीला आलेल्यांचं अन्न जो नाकारतो त्यानं जगण्याची आशा सोडली, असं तिकडे मानतात. त्यांच्यातली थोरली नालुग्वा प्रार्थनेला उभी राहिली. तिचा शब्द गावात कुणी मोडत नसे. नेमकी तेव्हाच नाकाबुगोच्या अंगातून आग उसळली. घामाच्या धारा लागल्या.

"ताप आहे गं," एक बाई पुटपुटली. "म्हणजे तेच."

नाकाबुगोला सगळ्याचाच वीट आला. "ताप नाही. पाळी गेलीय माझी. अंगातून आग निघते. आणि रोड मी मुद्दाम झालेय, गुडघ्यांसाठी."

सेम्वांगा तडक बाहेर गेला. असल्या बोलण्यात पुरुष बसत नाहीत.

नालुग्वानं विचारलं, "छातीतून वर चढते?"

"हो."

"पहाटे चादर भिजते?"

"हो."

म्हातारीनं तिचं ताट ओढलं, मूठभर ठेवून बाकीचं आपल्या पानात घेतलं आणि दाराकडे तोंड करून हाक दिली, "सेम्वांगा, बायको धडधाकट आहे तुझी. चालू दे तिला."

एवढं मिळालं तरी नाकाबुगोला आनंद होईना.

"म्हणजे तुम्हाला हे माहीत होतं?"

"सगळ्यांना होतं. सगळ्यांच्या अंगातून निघालीय ती."

"मग मला का नाही सांगितलंत? नर्सनं सांगेपर्यंत रात्र रात्र वाटायचं, आता मी मरते."

"आम्हाला तरी कुणी सांगितलं होतं?" नालुग्वा म्हणाली.

सगळ्या खाली मान घालून जेवायला लागल्या, आणि तीही जेवली.