झिजलेल्या कोपऱ्याचा खोका

मित्सुयो गेल्याचं कळलं तो मंगळवार होता. मी जेवणाच्या बुटक्या मेजावर उघडाच होतो, कारण दवाखान्यातून आले की बसू, असं ती सकाळी नवऱ्याला सांगून गेली होती. दुपारी तिचा नवरा, शिगेयोशी कुरोकी, घरात आला तो कारखान्यातले बूट तसेच पायांत घालून. त्या घरात बूट घालून आत आलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मागोमाग त्याचा शाळासोबती काजिवारा आला. "शिगे, बूट काढ," तो हळूच म्हणाला. शिगेयोशी "हो" म्हणाला आणि तसाच उभा राहिला. मग हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्याने माझी वायर उपटली, माझ्या दांड्याभोवती करकचून गुंडाळली आणि मला कपाटाच्या तळाशी ठेवून दिलं. मित्सुयो दांड्याभोवती कधी वायर गुंडाळत नसे. त्यावरून मी काय ते समजलो.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे, टीव्हीवर मारामारीचे व्हिडिओ गेम खेळायचा. माझ्या डाव्या अंगाला एक दांडा आणि उजव्या अंगाला सहा बटणं. दांडा हलवला की पडद्यावरचा गडी चालतो, बसतो, उडी मारतो. बटणं दाबली की ठोसे आणि लाथा. मोठी माणसं मला खेळणं म्हणतात, म्हणोत बापडी. माझ्यावर अकरा वर्षं जे काम झालं ते रंधा मारण्याच्या कामापेक्षा हलकं नव्हतं.

माझा जन्म जपानातल्या ओकावाचा. नदीकाठच्या या गावात एक घर सोडून दुसऱ्या घरी लाकूडकाम चालतं, आणि शिगेयोशी कपडे ठेवायची कपाटं करतो. मित्सुयो मात्र शाळेत असल्यापासून काजिवाराच्या घरच्या गेम पार्लरमध्ये खेळणारी. घरीही सराव व्हावा म्हणून तिने टीव्हीला जोडायचं यंत्र आणलं, पण त्याच्या इवल्याशा बटणांनी तिच्या अंगठ्याला फोड आले. शिगेयोशीने ते फोड पाहिले. एका रविवारी त्याने टेप काढली आणि खाली बसलेल्या बायकोच्या मांडीची लांबी-रुंदी मोजायला लागला.

"अहो, काय हे? माझं कपाट करताय की काय?"

"हलू नकोस."

कपाटाच्या पाठीतून उरलेल्या किरीच्या फळीचा मी झालो. किरीचं लाकूड फार हलकं, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी तिच्या मांडीवरून घसरलो. ती हसली. त्याने मला उचलून नेलं आणि तळाला दुसऱ्या जड लाकडाची पट्टी मारून आणलं. तेव्हापासून मी कधी घसरलो नाही.

शिगेयोशीला खेळ येत नव्हता. शिकायची हौसही नव्हती. पण मित्सुयोला सरावाला समोर कोणीतरी हवं होतं, म्हणून त्याच्यासाठी बाजारातला एक प्लॅस्टिकचा खोका आला. तिने त्याला एकच गोष्ट शिकवली, लांबून उडी मारून लाथ घालायची. "अडवायचं नाही, पळायचं नाही. तुम्ही नुसतं उडून यायचं आणि मार खायचा." उडून येणाऱ्याला खालून वर ठोसा लगावायचा, हे तिचं त्या वर्षीचं काम होतं. त्यासाठी दांडा पुढे, मग खाली, मग पुढच्या खालच्या कोपऱ्यात न्यायचा आणि त्याच क्षणी बटण दाबायचं. लागोपाठ वीस जमले तरच ती उठायची. एकोणीस जमून विसावा चुकला की पुन्हा एकपासून. चुलीवर मिसोचं सार उकळून जायचं.

एका बैठकीला एकच गोष्ट, असा तिचा नियम होता. काजिवाराच्या पार्लरमध्ये पुष्कळ जण दिवसभर खेळायचे आणि घरी जाताना जसे आले तसेच जायचे. मित्सुयो हरली की जागेवरच बसून राहायची आणि स्वतःशी विचारायची, तेव्हा मी काय केलं? नशीब वाईट होतं, बटण अडकलं, असं मी तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. एका खोक्याला याचं किती बरं वाटतं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही.

तिची एक चूक मात्र सांगायला हवी. घरी तिला वीसच्या वीस ठोसे जमायला लागले. पार्लरमध्ये मात्र समोरचा उडी मारायचा आणि ही नुसती पाहत राहायची. तिथे दोन यंत्रं पाठीला पाठ लावून असतात. समोरचा माणूस दिसत नाही, आणि गोंगाट तर इतका की स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये. तीन आठवडे ती हरत राहिली. मग एके दिवशी सराव चालू असताना तिने अचानक डोळे मिटले, आणि शिगेयोशी उडाल्याबरोबर डोळे मिटूनच त्याला ठोसा लगावला.

"अहो, तुमची खुर्ची बोलते."

"काय बोलते?"

"उडी मारायच्या आधी तुम्ही पुढे झुकता. खुर्ची कुरकुरते आणि मी बटण दाबते. पडदा मी बघतच नाही. महिनाभर मी खुर्चीशी लढतेय."

शिगेयोशीने दुसऱ्याच दिवशी खुर्चीचे सांधे घट्ट केले. तिला ते पुरेना, म्हणून त्याने आम्हा दोन्ही खोक्यांच्या पोटात गादीतला कापूस भरला, म्हणजे दांड्याचा खटका ऐकू जाऊ नये. उडी कधी मारायची तेही तो मनाला येईल तसं बदलू लागला. मित्सुयो पुन्हा शून्यावर आली. वीसपर्यंत जायला तिला पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही लागले, पण त्यानंतर पार्लरमध्ये तिच्यावरून उडून जाणं कोणाला जमलं नाही.

मग माझे चांगले दिवस आले. एका शनिवारी तिने मला पार्लरमधल्या यंत्राला जोडून ओळीने बारा जणांना हरवलं. काजिवाराने माझा फोटो काढून भिंतीवर लावला. दुसऱ्या गावची माणसं विचारून मला हात लावून बघायची. शिगेयोशी कोपऱ्यात चहा पीत बसलेला असायचा, आणि हा कोणी केला असं कोणी विचारलं की म्हणायचा, "उरलेल्या फळीचा आहे."

आता ती गेल्यानंतरचं सांगतो. तिघांच्या संघाची स्पर्धा शरद ऋतूत यानागावा या जवळच्या शहरात व्हायची होती. संघात काजिवारा, दातांच्या दवाखान्यात काम करणारी कानाए आणि मित्सुयो. मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी करायचा विधी झाला आणि दुसऱ्या दिवशी कानाए घरी आली. तिने उदबत्ती लावली, गोड घावनाचा डबा मित्सुयोच्या फोटोपुढे ठेवला आणि गुडघे दुमडून बसली.

"काका, यादीत काकूंचं नाव आहे. ते मी खोडलेलं नाही. तुम्ही खेळता का?"

"मी? मला फक्त मार खाता येतो."

"अकरा वर्षं रोज मार खाणारा माणूस आमच्या पार्लरमध्ये दुसरा नाही. काकूंची जागा रिकामी ठेवून जायला माझे पाय उचलत नाहीत, एवढंच."

ती गेल्यावर शिगेयोशीने आपला प्लॅस्टिकचा खोका काढला. उड्या मारून मारून त्याचा दांडा लुळा पडला होता. मग त्याने कपाटाच्या तळातून मला उचललं. वायर सोडवून त्याने मला टीव्हीला जोडलं. दांडा त्याने हातात घेतला, पुढे ढकलला आणि चमकून थांबला. त्याला सरळ पुढे चालायचं होतं, पण दांडा आपोआप घसरून पुढच्या खालच्या कोपऱ्यात गेला, आणि पडद्यावरचा त्याचा गडी खाली बसला.

माझ्या दांड्याच्या बुडाशी चौकोनी भोकाची एक चकती आहे. दांडा कुठवर जायचा ते ती ठरवते. मित्सुयोने हजारो वेळा जो ठोसा घोटला त्याने त्या चौकोनाचा एक कोपरा खोल झिजला होता. तिला ते कधी जाणवलं नाही. चकती तिच्या हाताबरोबरच झिजली होती ना.

काजिवाराने मला उपडं करून उघडलं, चकती पाहिली आणि दुसऱ्या दिवशी एका पाकिटात नवी घेऊन आला.

"चार स्क्रू, शिगे. पाच मिनिटांचं काम आहे. तू कपाटं बनवणारा माणूस, मी तुला काय सांगू?"

"राहू दे."

"अरे, असा खेळलास तर सरळ चालता येणार नाही तुला."

"नाही चालणार. राहू दे म्हटलं ना."

दोन महिने तो रोज माझ्यासमोर बसला. वार अडवायला त्याला पहिल्यापासून शिकावं लागलं. अकरा वर्षं अडवायचं नाही अशी सवय केलेले हात ते. कानाए येऊन त्याच्यासमोर खेळायची. "काका, अडवा की. मी काकू नाही, मार खाल्ल्यावर शाबासकी देणार नाही." तो म्हणायचा, "तीही देत नव्हती." हळूहळू अडवणं जमलं. सरळ चालणं मात्र दहापैकी तीन वेळा चुकायचं, आणि ते का चुकतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

यानागावाच्या सभागृहात काजिवारा हरला, कानाए जिंकली. निकाल शिगेयोशीवर आला. समोरचा गडी तरबेज होता. शिगेयोशीने काय करावं? त्याने ती एकच उडी मारली, जी त्याने अकरा वर्षं मारली होती. ती लागली. पुन्हा मारली. पुन्हा लागली. मनाला येईल तेव्हा येणारी ती उडी त्या माणसाला कळेचना. पहिली फेरी शिगेयोशीने जिंकली. त्याने हात माझ्यावरून उचलले आणि मांडीवर ठेवले. आपली उडी दुसऱ्या कोणाला लागू शकते हे त्याला त्या दिवशी प्रथम कळलं. घरी ती कित्येक वर्षांत लागली नव्हती. अडवणारी तशीच होती.

दुसऱ्या फेरीत समोरच्याने उडी ओळखली आणि ती फेरी घेतली. तिसऱ्या फेरीत दोघांच्याही गड्यांचा जीव थोडासाच उरला होता. समोरचा मागे हटत होता. दोन पावलं पुढे जाऊन एक साधा ठोसा, एवढंच काम होतं. शिगेयोशीने दांडा पुढे ढकलला. दांडा कोपऱ्यात घसरला. त्याचा गडी खाली बसला, आणि वरून लाथ पडली.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. शिगेयोशी म्हणाला, "माझ्यामुळे गेलं."

कानाएने माझ्यावर हात ठेवला. "काका, मी गोड बोलणार नाही. चकतीमुळे गेलं. काकू हरल्यावर काय विचारायच्या, आठवतं?"

"तेव्हा मी काय केलं."

"मग? काय केलंत?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तिकडेच बघत म्हणाला, "दोन महिने वेळ होता आणि बदलली नाही." काजिवाराने मान हलवली. पुढची स्पर्धा मार्चमध्ये आहे, आणि कानाएने संघाच्या यादीत त्याचं नाव लिहिलं आहे. मित्सुयोचं नाव तिने तिथेच वर राहू दिलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाची एखादी वस्तू मागे राहिली असेल, तर माझं एवढं ऐका. झाकून ठेवलेली वस्तू टिकते, पण ती कामाची राहत नाही. आमची धूळ पुसा, सैल झालेला स्क्रू आवळा, आणि जो भाग झिजला असेल तो बदला. हरल्यावर आम्हाला आपटू नका. बसून विचारा, काय चुकलं. रोज थोडं, एका वेळी एकच, एवढं केलंत तर हात शिकतात. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर चकती बदलली तरी मी मित्सुयोला विसरणार नाही. शिगेयोशीला हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

गेल्या रविवारी त्याने मला मेजावर उपडं घातलं. चारही स्क्रू काढले, जुनी चकती तळहातावर घेतली, झिजलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, आणि पुन्हा होती तिथे बसवून स्क्रू आवळले. मग मित्सुयोसारखा वीस वेळा दांडा फिरवला. नवी चकती पाकिटात आहे, पाकीट अजून फोडलेलं नाही. मार्चला सहा आठवडे उरले आहेत.