सात हजार नावं

आमचे थोरले धनी मानियस त्रेमेलियस रोमच्या जुन्या प्रजासत्ताकाचे एवढे भक्त, की शिंक आली तरी म्हणायचे, मागचे दिवस असते तर आली नसती. एका माणसाचं राज्य नको, लोकांनी मतं द्यावीत, लोकांनी अधिकारी निवडावेत, हे त्यांचं तुणतुणं. वाजायचं मात्र घरात, दार लावून. बाहेर टेकडीवरच्या वाड्याचा झाडूवाला दिसला तरी कमरेत वाकायचे.

राजा हा शब्द काढायची सोय नव्हती बरं. टेकडीवर राहायचा तो फक्त ‘पहिला नागरिक’. दुसरा नागरिक कोण, हे चाळीस वर्षांत कुणाच्या बापानं विचारलं नाही.

मी एपाफ्रा, त्यांचा गुलाम. माझं काम नावं सांगायचं. निवडणुकीला उभा राहणारा खडूनं पांढराफेक केलेला झगा घालून चौकात फिरतो, येईल त्याचा हात हातात घेतो आणि नावानं हाक मारतो. ते नाव मागून त्याच्या कानात सांगणारा मी. हा सेर्तोर, चीजवाला, बायको नुकतीच बाळंत झालीय. की लगेच आमचे साहेब, “काय सेर्तोर, मुलगा की मुलगी?” सेर्तोर खूश. इतकं स्वस्त मत जगात कुठे मिळत नसेल.

त्या वर्षी धाकले धनी, नुमेरियस, न्यायाधीशपदाला उभे राहायचे होते. त्यांच्या डोक्याबद्दल काय बोलावं? स्वतःच्या सासऱ्याचं नाव मला विचारायचे. म्हणून थोरल्यांनी मला पूर्वजांच्या मेणाच्या मुखवट्यांसमोर उभं केलं आणि शब्द दिला, “एपाफ्रा, ज्या दिवशी रोमचे लोक माझ्या मुलाला निवडतील, त्या दिवशी तू मोकळा.”

एकतीस वर्षं त्या घरात काढली होती मी. खोटं कशाला बोलू, रडलो. मग कामाला लागलो. चार महिन्यांत सात हजार नावं पाठ केली. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची गाय मेली, कुणाचं भावाशी वाकडं, सगळं. झोपेतही बडबडायचो म्हणे. स्वयंपाकीण सिरा म्हणाली, सुटलेला गुलाम घालतो ती मोकळ्या माणसाची टोपी आत्ताच घेऊन ठेव, निवडणुकीत भाव चढेल. मीही मूर्ख, घेऊन आलो.

उन्हाळा सरता सरता ‘पहिला नागरिक’ वारला. त्याच्या जागी त्याच्याच घरातला बसला, म्हणजे तोही पहिलाच. आणि थोड्याच दिवसांत फर्मान आलं, की आता लोकांनी मैदानात येऊन मतं द्यायचं कारण नाही. अधिकाऱ्यांची निवड सिनेट करेल.

लोकांनी काय केलं? दोन दिवस गुत्त्यावर कुरकुरले. तिसऱ्या दिवशी रथांच्या शर्यती होत्या. सेर्तोर तर मला म्हणाला, बरं झालं बाबा, मतदानाला दुकान बंद ठेवावं लागायचं. त्याच्या पोरीचं नावसुद्धा मला पाठ होतं. थुंकावंसं वाटलं.

आमचे थोरले धनी सिनेटचे सभासद. तिथे होकार द्यायचा असला की उठून त्या बाजूला जाऊन उभं राहायचं असतं. गुडघे धरलेले, तरी त्या फर्मानाला होकार द्यायला पहिल्या दहांत पोचले म्हणे. पुढे निवडीच्या दिवशी वरून आलेल्या यादीत धाकल्यांचं नाव होतं. सगळी सभा त्या बाजूला गेली आणि नुमेरियस न्यायाधीश झाले. एकाही माणसाचा हात हातात न घेता.

घरी मेजवानी झाली. पाहुणे गेल्यावर मी हात जोडून थोरल्यांपुढे उभा राहिलो. म्हटलं, धनी, शब्दाची आठवण करून द्यायला आलोय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, खरं सांगतो, अगदी खरं पाणी.

“काय बोललो होतो मी?”

“लोकांनी निवडलं की मी मोकळा.”

“मग लोकांनी कुठे निवडलं रे? तूच सांग. तू तर सगळ्यांना ओळखतोस. एकानं तरी मत दिलं?”

मी मनात नावं चाळली, एकानंही दिलं नव्हतं. सात हजार नावं पाठ असलेला माणूस मी.

“मग आता कधी?” मी विचारलं.

“लोक पुन्हा मतं देतील तेव्हा. मी शब्दाचा पक्का आहे, एपाफ्रा. त्रेमेलियसांच्या घरात शब्द फिरत नाही.” मग सुस्कारा टाकून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आणि मोकळं होऊन करणार काय? आता या गावात तू काय नि मी काय, आपण सगळे गुलामच.”

एवढं बोलून त्यांनी रिकामा पेला माझ्यापुढे धरला, आणि मी तो भरला.