तिसऱ्या खोलीतली घडी

शुक्रवारपर्यंत एकाच भुकटीचं एकच उत्तर आलं नाही, तर माझा प्रोग्राम गुंडाळायचा आणि तिन्ही खोल्यांनी आपापल्या जुन्या प्रोग्रामकडे परत जायचं, असं बैठकीत ठरलं तेव्हा हातात दहा दिवस होते. आज मंगळवार. सात दिवस गेले आणि उत्तरं अजून दोन.

आमच्या संशोधन केंद्रात किरणांच्या तीन खोल्या. तिन्हींत काम तेच. भुकटीच्या पुडीवर बारीक किरण सोडायचा, तो विखुरला की मागच्या काळ्या पाटीवर वर्तुळं उमटतात, आणि त्या वर्तुळांवरून आतल्या कणांमधलं अंतर काढायचं. काम एक, पण गणिताच्या तऱ्हा तीन. पहिल्या खोलीचं दुसरीला वाचता येईना, दुसरीचं तिसरीला. सगळ्यांना मिळून एक प्रोग्राम करून द्यायला मला आणलं, त्याला दोन वर्षं झाली. बैठकांमध्ये मी ‘एकच, एकच’ इतक्यांदा म्हटलं की प्रोग्रामचं नावच ‘एकच’ पडलं. आता व्हरांड्यात जो भेटेल तो विचारी, काय म्हणतंय तुमचं एकच, अजून दोनच सांगतंय का.

एका बाटलीतल्या भुकटीच्या तीन पुड्या केल्या होत्या. पहिली खोली आणि दुसरी खोली सख्ख्या बहिणींसारख्या जुळल्या. तिसरी फटकून राहिली.

तिसरीतली पाटी ज्या लाकडी घोडीवर उभी होती, तिचा पुढचा पाय आखूड. त्यामुळे पाटी नऊ वर्षं सव्वा अंश पुढे झुकलेली. सगळे तिला लंगडी म्हणत. तो झुकाव वहीत होता, त्या खोलीच्या जुन्या प्रोग्राममध्ये होता, माझ्याही प्रोग्राममध्ये होता. त्याच्यापायी मी वेगळ्या सतरा ओळी लिहिल्या होत्या. तरी वर्तुळं गोल येईनात. अंड्यासारखी यायची, टोक वर. चिन्ह उलटं केलं की टोक खाली. सात दिवस मी ते अंडं वर-खाली करत बसले होते. डोळे मिटले तरी अंडं, भिंतीकडे पाहिलं तरी अंडं.

तिसऱ्या खोलीचे सर मात्र शांत होते. त्यांचा जुना प्रोग्राम आणि माझं ‘एकच’, दोघंही सारखंच अंडं दाखवत होते. तेव्हा चूक उरलेल्या दोन खोल्यांची, आणि गोल न येणं हा त्या भुकटीचा स्वभाव. विज्ञानात बहुमत चालत नाही, असंही त्यांनी मला समजावलं. ते खरं होतं, म्हणून तर जास्त राग आला.

त्या खोलीतली उपकरणं सांभाळणारे काका रोज सकाळी दारातून डोकावून विचारत, आज तरी गोल? मी मान हलवली की आपल्याच घरचं कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून जात.

मंगळवारी संध्याकाळी घरी आले तर थोरली बहीण मशीनवर एक कोट उसवत बसलेली. ताई शिवणकाम करते. तिचाही दिवस वाईट गेला होता. तेच ते गिऱ्हाईक, तोच तो कोट, तिसऱ्यांदा परत आलेला. मी माझं गाऱ्हाणं सुरू करणार, तोच तिने तिचं सुरू केलं.

“उजवा खांदा खाली आहे त्या माणसाचा, जन्माचा. सगळ्यांना दिसतो. पण टेप लावली की साहेब ताठ. मी ताठ खांद्याचं शिवते, घरी जाऊन ते खांदा पाडतात, आणि बोलणी मला.”

दातांत दोरा धरून ती पुढेही बरंच बोलली. मी ऐकत नव्हते. अंड्याचं टोक मी वर करून पाहिलं होतं, खाली करून पाहिलं होतं. मधे काय आहे ते पाहिलंच नव्हतं. झुकाव शून्य धरून बघावं हे सुचणार तरी कसं? लंगडी लंगडी आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी शून्य घातलं. वर्तुळं उमटली, तव्यासारखी गोल.

पाणसळ घेऊन तिसऱ्या खोलीत गेले. पाटीला उभी टेकवली तर आतला बुडबुडा मधोमध येऊन बसला. गुडघे टेकून घोडीखाली पाहिलं. आखूड पायाखाली कागदाची घडी होती, आठपदरी, नीट दाबून बसवलेली. कॅलेंडरचं पान होतं ते, मार्च महिन्याचं. आता जून चालू होता.

काका मागे येऊन उभे राहिले. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं.

“तुम्हीच म्हणाला होता ना मॅडम मार्चमधल्या बैठकीत, लंगडीपायी सतरा ओळी जास्त लिहाव्या लागल्या. म्हटलं, वाचतील तेवढ्या.”

मी ओरडणारच होते. पण त्या वाक्यातला टोमणा माझाच होता. सर्वांना हसवायला टाकलेला, आणि या एका माणसाने तो मनाला लावून घेतला होता. आता ते स्वतःहूनच म्हणाले, सरांना मी सांगतो. घडी कधी बसवली विचारलं, तर महिना संपल्यावर पान फाडलं त्याच सकाळी, म्हणजे एक एप्रिलला. तारखेवर हसण्याइतकंही त्राण माझ्यात नव्हतं.

शुक्रवारच्या बैठकीत तिन्ही पुड्यांचं एकच उत्तर भिंतीवर उमटलं. टाळ्या वगैरे काही नाहीत. काकांनी उभं राहून घडीची गोष्ट सांगितली. सरांनी आपली वही एप्रिलपर्यंत मागे चाळली. अडीच महिन्यांची त्यांची मोजमापं पुन्हा तपासावी लागणार होती. मग म्हणाले, ‘एकच’ आम्हाला मान्य आहे, पण तो कागद आजच काढा. कागद दबतो. आज शून्य असेल, पावसाळा संपेपर्यंत पाव होईल. लाकडाचा झुकाव नऊ वर्षं हललेला नाही. लंगडी होती तशी राहू द्या.

तेही खरंच होतं.

म्हणजे आता मार्चअखेरपर्यंत सव्वा अंश, एप्रिलपासून आजपर्यंत शून्य, उद्यापासून पुन्हा सव्वा. दुपारभर बसून तारखा घातल्या, तिन्ही काळ वेगळे केले, प्रत्येकाची वर्तुळं तपासली. खिडकीतून दिसत होतं, काका घोडी एका हाताने उचलून धरत होते आणि दुसऱ्या हाताने पान ओढत होते, झोपलेल्या मुलाखालून चादर काढावी तसं.

जाताना ते माझ्या दारात थांबले. पान उलगडून, सपाट करून त्यांनी वहीत ठेवलं होतं. राहिलं एकच ना, असं विचारलं. राहिलं म्हटलं. मग जरा घुटमळून म्हणाले,

“सतरातल्या किती वाचल्या शेवटी?”

“मोजल्या नाहीत, काका.”

मोजल्या होत्या. एकतीस झाल्या होत्या.