पडताळणीचा फोन

मीनाक्षीने पाण्याचा ग्लास कुमुदकाकूंच्या पुढ्यात ठेवला आणि थोडं पाणी टेबलावर सांडलं. तिने ओढणीच्या टोकाने ते घाईघाईने पुसलं.

"अगं, राहू दे, वाळेल," काकू म्हणाल्या. "खाल्लंयस का काही? चेहरा केवढासा झालाय."

मीनाक्षीने मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

गुरुग्रामच्या त्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर बँकेचं विभागीय कार्यालय होतं. खोलीची एक भिंत पूर्ण काचेची, आणि एसी असा की बाहेरचा मे महिना खोटा वाटावा. टेबलापलीकडे सेठी बसला होता. नियम पाळले जातात की नाही हे बघण्याचा पगार त्याला मिळत असे. तो कधी कुणावर ओरडला नव्हता. ऐकून घ्यायचा आणि लिहून घ्यायचा. म्हणूनच शाखेतले सगळे त्याला टरकून असत.

"मॅडम," तो काकूंना म्हणाला, "आपकी शिकायत मैंने पढ़ ली. बहुत साफ़ लिखी है."

"तैंतीस साल मिनिस्ट्री में यही किया है," काकू म्हणाल्या. त्या दिल्लीत एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या तक्रारीत परिच्छेदांना आकडे घातलेले होते. एकदा तीन लाख ठेवायचे, पाच वर्षांनी व्याजासकट मिळतील, असं मला सांगितलं गेलं. आता पत्र आलं आहे की हा विमा आहे आणि तीन लाख दर वर्षी, अशी दहा वर्षं भरायचे आहेत. माझ्या पेन्शनीत ते बसत नाही. न भरल्यास भरलेल्यातले बरेच कापले जातील. कृपया रक्कम परत करावी. हे सगळं त्यात होतं. कुणी सांगितलं, ते नाव मात्र त्यात नव्हतं. नाव सेठीने कागदांवरून काढलं, आणि पॉलिसी विकणाऱ्या मीनाक्षीला समोर आणून बसवलं.

ते तीन लाख कशासाठी होते, हे मीनाक्षीला पुरतं ठाऊक होतं. पुण्याला काकूंची धाकटी बहीण लता राहायची. तिच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर ज्येष्ठांसाठी एक निवास बांधत होते, आणि तिथल्या खोलीची अनामत काकूंना भरायची होती. भालचंद्रकाका गेल्यापासून मयूर विहारच्या घरात त्यांना करमत नव्हतं. "शेवटी तरी भांडायला मराठीत कुणी हवं की नको?" असं त्या म्हणायच्या आणि हसायच्या.

"रूल सिंपल है," सेठी म्हणाला, आणि त्याने ते दोघींनाही पुन्हा सांगितलं. विकणाऱ्याने घेणाऱ्याला सगळं उघड करायचं: ही बँकेची ठेव नाही, विमा आहे, हप्ता किती वर्षं आहे, मध्ये सोडल्यास काय कापलं जाईल, पटलं नाही तर पंधरा दिवसांत परत करता येतं. ते सांगितलं की नाही याची खात्री करायला विमा कंपनी स्वतः फोन करते. प्रश्न विचारते, उत्तरं रेकॉर्ड करते. त्या वेळी बँकेच्या माणसाने आसपास असायचं नाही.

"अगर प्रूव हो गया कि ग़लत बताकर बेचा है, तो आपका पूरा पैसा वापस," तो काकूंना म्हणाला. मग कागद नीट लावत, मीनाक्षीकडे न बघता, "और इनका लायसन्स कोड कैंसल. नौकरी तो जाएगी ही. फिर कोई बैंक नहीं रखेगा."

काकूंचा हात ग्लासाकडे निघाला होता, तो तिथेच थांबला.

"नोकरी?" त्यांनी मीनाक्षीला मराठीत विचारलं. "तुझी?"

मीनाक्षीने टेबलाखाली बोटातली अंगठी फिरवायला सुरुवात केली. तिच्या नवऱ्याची, श्यामची कंपनी फेब्रुवारीत बंद पडली होती. घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. पण हे आत्ता बोलून दाखवायची तिची हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर तोंडही नव्हतं.

सेठीने लॅपटॉपला स्पीकर जोडला.

"रेकॉर्डिंग सुन लेते हैं."

मीनाक्षीने ते रेकॉर्डिंग ऐकलेलं नव्हतं, आणि तक्रार आल्यापासून गेले नऊ दिवस ती दुसरं काही ऐकतही नव्हती. भाजी चिरताना, मेट्रोत, अंघोळ करताना, तिच्या कानात तोच फोन वाजत होता. तो आला तेव्हा ती काकूंच्या शेजारी सोफ्यावर बसलेली होती. काकूंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. मार्चची एकोणतीस तारीख होती, आणि टार्गेटला तीन लाखच कमी होते. नंतर सावकाश समजावून सांगू, असं तिने स्वतःला बजावलं होतं. ते नंतर काही आलं नाही. काकूंनी बारा पानी कागद हातात घेतला, चष्मा शोधला, आणि मग म्हणाल्या, "जाऊ दे, तू आहेस ना." जन्मात न वाचता सही न केलेल्या बाईने, मीनाक्षीने पेन्सिलीने जिथे जिथे फुली मारली होती तिथे तिथे सही केली. बँकेतला माणूस पंजाबी असता, बिहारी असता, तर काकूंनी त्याला एकेका ओळीवर घाम फोडला असता. पण ही तर मराठी मंडळातली मीनू. दिल्लीत आपली भाषा बोलणाऱ्याचे कागद कोण तपासतं?

स्पीकर खरखरला. आधी कुकरची शिट्टी ऐकू आली, मग फोनवरच्या मुलीचा गोड, पाठ केलेला आवाज.

"मॅडम, क्या इस वक़्त बैंक का कोई व्यक्ति आपके पास बैठा है?"

मग अगदी हळू, पण काचेच्या त्या खोलीत स्वच्छ:

"नाही म्हणा."

"जी नहीं," रेकॉर्डिंगमधल्या काकू म्हणाल्या.

मीनाक्षीने आपलाच आवाज ओळखला.

"क्या आपको बताया गया है कि ये बीमा है, बैंक की एफडी नहीं?"

"हो म्हणा, काकू."

"जी हां."

"प्रीमियम हर साल देना है, दस साल तक. ये आप समझ गई हैं?"

"हो म्हणा."

"जी, जी हां."

सेठीने रेकॉर्डिंग थांबवलं. मागे नेलं. पुन्हा लावलं. *नाही म्हणा.* जी नहीं. आणखी एकदा मागे. *नाही म्हणा.* प्रत्येक वेळी मीनाक्षीच्या मानेवर कुणी बर्फाचा खडा ठेवावा तसं होत होतं. कुजबुजीला चेहरा नसतो, हे तिला माहीत होतं. कुजबूज कुणाचीही असू शकते. हा माणूस लुधियानाचा, त्याला मराठीतलं एक अक्षर कळत नाही. तिने श्वास रोखून धरला.

"ये पीछे कौन है?" सेठीने काकूंना विचारलं. "क्या कह रही है?"

काकूंनी मान वळवून मीनाक्षीकडे पाहिलं, आणि मीनाक्षीला ती नजर ओळखीची वाटली. मंडळाचा गणेशोत्सव. ती नऊ वर्षांची, गालाला लाली, डोक्याला मोठी रिबीन, समोर भरलेला हॉल आणि डोक्यात शुकशुकाट. पुढचं वाक्य पार गेलेलं. विंगेत कुमुदकाकू, एका हातात वही, दुसऱ्या हातात टॉर्च. पंचवीस वर्षं मंडळाच्या प्रत्येक नाटकाचं प्रॉम्प्टिंग काकूंनी केलं होतं. दिल्लीत वाढलेल्या पोरांचे अडखळणारे संवाद त्यांनी विंगेतून पार नेले होते. त्या दिवशीही त्यांनी अशीच नजर तिच्यावर रोखली, शब्द पुरवला, आणि नाटक पुढे गेलं. सोफ्यावर बसून फोन हातात धरताना काकू हसून म्हणाल्याही होत्या, "आज तू प्रॉम्प्टर हं, मीनू. मी आपली म्हणत जाते."

"मेरी बहन है," काकू सेठीला म्हणाल्या. "पूना से आई थी. पानी के लिए पूछ रही है."

"आप श्योर हैं?"

"बहन की आवाज़ नहीं पहचानूंगी?"

सेठीने लिहून घेतलं.

मीनाक्षीचा रोखलेला श्वास सुटला. इतका मोठ्याने सुटला की तिलाच लाज वाटली. ती वाचली होती. श्यामला फोन करायचा, मुलीची फी भरायची, जून, जुलै, सगळं जागच्या जागी राहणार होतं. आणि त्याच क्षणी तिला स्वतःची अशी शिसारी आली की तिने नजर उचलून काकूंकडे बघितलंच नाही. काकूंचे तीन लाख त्या एका वाक्यात गेले होते, आणि ते वाक्य काकूंनी स्वतः म्हटलं होतं.

"फिर तो शिकायत टिकती नहीं, आंटीजी," सेठी म्हणाला. त्याच्या आवाजात आता थोडा ओलावा होता. त्याला खरंच वाईट वाटत असावं. "आप पढ़ी-लिखी हैं, साइन आपके हैं, हर सवाल पर आपने खुद जवाब दिया है. मैं क्लोज़र बना देता हूँ. ये भी रेकॉर्ड होगा, नियम है."

त्याने मोबाईल टेबलाच्या मध्यावर ठेवला आणि लाल ठिपका दाबला. एका छापील कागदावरून तो वाचू लागला. आजची तारीख, काकूंचं नाव, पॉलिसीचा नंबर. मग:

"ये पॉलिसी आपने सारी जानकारी मिलने के बाद, पूरी तरह समझकर, अपनी मर्ज़ी से ली थी. हां या ना में बताइए."

काचेपलीकडे कुणीतरी वाढदिवसाचा केक कापत होतं. टाळ्या दिसत होत्या, ऐकू येत नव्हत्या.

काकू खुर्चीतच जरा वळल्या, आणि उजवा कान, ऐकू येणारा, मीनाक्षीकडे झुकवून त्यांनी साध्या आवाजात विचारलं,

"काय म्हणू गं?"

मीनाक्षीने त्यांच्याकडे पाहिलं. काकूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. टोमणाही नव्हता. फोनच्या वेळी जशा वळल्या होत्या तशाच त्या वळल्या होत्या, आणि मीनू सांगेल ते म्हणायला तयार होत्या. त्यांना सगळं कळूनही त्यांनी विचारलं, की खरंच सवयीने विचारलं, हे मीनाक्षीला पुढेही कधी समजलं नाही. त्या क्षणी तिला एवढंच दिसत होतं की फक्त दोन शब्द पुरवायचे आहेत: हो म्हणा. दोन शब्द, की सुटका. छाती अशी धडधडत होती की ती मोबाईलमध्ये रेकॉर्ड होत असेल असं तिला वाटलं. नऊ वर्षांची असताना त्या हॉलसमोरही ती इतकी घाबरली नव्हती.

"आंटीजी?" सेठी म्हणाला. "हां या ना?"

मीनाक्षीने अंगठी फिरवणं थांबवलं.

"नाही म्हणा," ती म्हणाली.

तिला मोठ्याने म्हणायचं होतं, पण भीतीने आवाज फुटला नाही, आणि शब्द बाहेर आले ते कुजबुजीतच. अगदी तसेच. त्याच पट्टीत, त्याच घाईत.

सेठीचं पेन कागदावर थांबलं. त्याने आधी बंद असलेल्या स्पीकरकडे पाहिलं. मग सावकाश मान वर करून मीनाक्षीकडे.

"जी नहीं," काकू म्हणाल्या.

मोबाईलवरचा लाल ठिपका तसाच चालू होता. सेठीने तो बंद केला नाही. त्याने तो छापील कागद बाजूला सारला, फाईलमधून एक कोरा कागद काढला, आणि मीनाक्षीचं पूर्ण नाव काय, असं अगदी शांतपणे विचारलं. तिने ते सांगितलं. आडनावाशी ती अडखळली.

काकूंनी पुढ्यातला पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

"पी आधी," त्या म्हणाल्या. "मग सांग त्यांना. सावकाश. कुठे अडलीस, तर मी आहे."