जितेंद्रचं मेडल

“थांब गा भाऊ, मीच ठेवते,” असं म्हणून बायजाबाईनं माझा हात बाजूला केला. रुमालाची गाठ दातांनी सोडली, मेडल बाहेर काढलं आणि मखमलीच्या ताटात अगदी कडेला ठेवलं. ताटात आधीच दहा मेडलं होती. तिचं अकरावं.

“परत भेटन ना?” तिनं विचारलं.

“हाव वं. तासाभराचं काम. भैय्याजी तुले स्टेजवर बोलावन, तुह्या हातात देईन, झालं.”

“पन हे तं माह्यंच हाय. मलेच काहून देते?”

तिचं खरं होतं. तीन वर्षांपूर्वी फौजेच्या सोहळ्यात जनरल साहेबांनी तिला दिलेलं मेडल आज भैय्याजी, म्हणजे आमच्या भागातले पुढारी, तिला पुन्हा देणार होते. फोटोसाठी. लग्न झालेल्या बाईला परत बोहल्यावर चढवावं, तसला प्रकार. मला तो मुळीच पटला नव्हता. पण कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या उन्मेषचा फोन आला, “चंपतराव काका, मेडलं चमकवून ताटात लावून द्या, आणि घरच्यांना समजवा, ते लोक तुमचंच ऐकतात,” आणि मी हो म्हणून बसलो. माझी ही खोडच आहे. बावीस वर्षं ‘जी साहब’ म्हणण्यात गेलेली.

आधीच सांगून टाकतो, मी काही शूरवीर नाही. फौजेत टेलर होतो. सरावाच्या गोळ्या सोडल्या तर एक गोळी झाडलेली नाही. आता कामठीला छावणीच्या रस्त्यावर छोटंसं दुकान आहे. वर्द्या शिवतो, मेडलं पट्टीवर बसवून मागे पिन लावून देतो. खरं मेडल हरवेल म्हणून जे घाबरतात, त्यांना घालायला हुबेहूब डुप्लिकेटही देतो. बायजाबाईच्या मेडलला पट्टी-पिन मीच लावलेली. मधे पांढरी रेघ असलेली लाल फीत आणि खाली चांदीच्या चकतीवर वर टोक केलेली संगीन. कडेला बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा आणि नाव. नायक जितेंद्र. तिचा एकुलता एक. जखमी झालेल्या दोघांना उचलून आणलं, तिसऱ्याला आणायला गेला तो आलाच नाही.

बायजाबाई कुहीकडची. मीही तिकडचाच, म्हणून तिनं मेडल घराबाहेर काढलं. आजवर कुण्या पत्रकारालाही तिनं ते हातात दिलेलं नव्हतं.

“भाऊ, तुह्या भरोशावर ठेवून राहिली,” ती म्हणाली.

“मी हाओ ना,” मी म्हणालो. जीभ किती पटकन चालते माणसाची!

प्रताप नगरातलं कार्यक्रमाचं सभागृह दहालाच भरलं होतं. भैय्याजी आले साडेबाराला. पांढराशुभ्र कुडता, त्यावर करडं जाकीट, आणि माईक हातात आला की सभागृह खिशात. खोटं कशाला बोलू, माणूस बोलतो छान. सरहद्दीवरची थंडी, आईची वाट बघणारी नजर, असं काही बोलला की माझ्याही अंगावर काटा आला. त्याचेही डोळे भरून आले होते. नाटक होतं असं मी म्हणणार नाही. त्या दोन मिनिटांपुरतं ते खरं असावं.

आणि मग तो म्हणाला, “या मातांचा मुलगा गेला नाही! तो इथे आहे, इथे!” एवढं म्हणून त्यानं ताटातलं कडेचं मेडल उचललं आणि पिन उघडून आपल्या जाकिटावर डाव्या छातीवर लावलं.

टाळ्यांनी छत हललं. कडेचं म्हणजे बायजाबाईचं.

तिला सगळ्यांत आधी बोलावलं. भैय्याजींनी तिला शाल दिली, नारळ दिला, स्वतःचा फोटो छापलेलं सन्मानचिन्ह दिलं आणि वाकून पायाला हात लावला. ती काहीतरी बोलत होती, पण पुढे घोषणा चालू होत्या. मला एवढंच दिसलं की ती त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती, छातीकडे बघत होती. तेवढ्यात त्यांच्या कानाशी कुणीतरी फोन धरला. “माफ करा, दिल्लीहून बोलावणं आहे,” म्हणत भैय्याजी हात जोडून स्टेजवरून उतरले. बाकीची मेडलं कार्यकर्त्यांनी भराभर वाटून टाकली. ताट रिकामं झालं.

मी उन्मेषला गाठलं. “साहेबाच्या जाकिटाले मेडल राह्यलं ना गा!”

“हो का? पाठवतो ना काका उद्या-परवा.”

“उद्या नाही. आत्ता. बाईले कुहीची बस पकडायची हाय.”

“काका, समजून घ्या. बाहेर चॅनलवाले उभे आहेत, साहेबांना एअरपोर्ट गाठायचंय. आता कुठे उतरवायला लावू त्यांना?” मग तो जवळ आला, आवाज खाली आणून म्हणाला, “तुमच्याकडे डुप्लिकेट असतं ना? एक देऊन टाका म्हातारीला. तिला काय वाचता येतं?”

माझ्या कानशिलात कुणी ठेवून दिल्यासारखं झालं. राग त्याचा आला, पण त्याहून जास्त याचा, की डुप्लिकेट खरंच माझ्या पिशवीत होतं. नमुना म्हणून डबीत बाळगतो. तीच फीत, तीच संगीन. कड तेवढी कोरी.

आणि मी डबी उघडली. हो, उघडली! दोन मिनिटांत सगळं मिटलं असतं. ती डबी हातात घेऊन बायजाबाईकडे चार पावलं गेलोसुद्धा. ती शाल मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती, सन्मानचिन्ह पायाशी ठेवलं होतं.

“आनलं का गा भाऊ?” तिनं हात पुढे केला.

त्या तळहातावर मी डुप्लिकेट कसं ठेवणार होतो? थू माझ्या जिंदगानीवर. “आनतो,” म्हणालो आणि डबी पिशवीत कोंबून पळालो. गुडघा दुखतो माझा, पण पळालो.

पोर्चमध्ये भैय्याजी गाडीपाशी कॅमेऱ्यांसमोर उभे होते. मी गर्दीत घुसलो तर एका अंगरक्षकानं माझी मानगूट धरली.

“साहेब!” मी ओरडलो. “मेडल राह्यलं तुमच्या अंगावर!”

भैय्याजींनी वळून पाहिलं. गालावर हसू तसंच. “अरे काका, मी त्याला मान दिला. माझ्या हृदयाशी लावलं.”

“तिथं नाही लावत साहेब.”

“म्हणजे?”

“डाव्या छातीवर ज्याले भेटलं तोच लावते. तो गेला तं घरच्यायनं लावाचं, तेही उजवीकडे. त्याची माय आत बसली हाय, साहेब. तिले तिचं द्या.”

एवढं मी कुठल्या साहेबासमोर आयुष्यात बोललो नव्हतो. कॅमेरे माझ्याकडे वळले. भैय्याजींनी ते पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतलं हसू गेलं, ओठांवरचं तेवढं राहिलं. उन्मेष मधे पडला, “साहेब, यांच्याकडे दुसरं आहे, तेच तिला...”

“दुसरं कोनालेही नाही देता येत!” मी म्हणालो. “डुप्लिकेटही त्याचंच असते, ज्यानं कमावलं.”

भैय्याजींनी पिनेला हात घातला. पिन निघेना. निघणार कशी, मी मुद्दाम घट्ट केलेली. मेडल पडू नये म्हणून. त्यांनी हिसका दिला तसं जाकिटाचं कापड ताणलं.

“ओढू नका साहेब, फाटन. मी टेलर हाओ. मीच काढतो.”

शिंप्याला कुणाच्याही छातीला हात लावायची मुभा असते. अंगरक्षकाची पकड सैल झाली. मी पुढे झालो, डाव्या हातानं कापड धरलं, उजव्या अंगठ्यानं पिन दाबली. भैय्याजी कॅमेऱ्याकडे बघून हसत होते आणि ओठ न हलवता मला विचारत होते, “दुकान कामठीलाच आहे ना तुझं?”

‘काका’चं ‘तू’ व्हायला दोन मिनिटं पुरली.

“हाव साहेब. छावणीच्या रोडवर,” मी म्हणालो आणि मेडल काढून मुठीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो आला. भैय्याजी हसताहेत, माझा हात त्यांच्या छातीवर. खाली लिहिलं होतं, ‘भैय्याजींना पदक लावून गौरव करताना माजी सैनिक.’ शेजारच्या चहावाल्यानं तो कापून माझ्या दुकानाच्या दाराला चिकटवला. मी काढून टाकला, तर म्हणाला, “काहून गा काका, नशीब लागते अशा फोटोले!” माझं डोकं असं सणकलं की दिवसभर मशीनवर बसलो नाही. दुकानाचं पुढे काय व्हायचं ते होईल. नोटीस यायची तर येईल.

पण ते नंतरचं. तेव्हा मी मूठ आवळून आत आलो. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती. बायजाबाई तिथंच बसलेली. मी मेडल तिच्या हातावर ठेवलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून अंगठ्याचं नख कडेवरून फिरवत गेली, सावकाश, पूर्ण गोल. एका जागी नख थांबलं.

“हेच हाय,” ती म्हणाली. “इथं त्याचं नाव सुरू होते. रोज रातच्याले हात फिरवते मी. दुसरं आनलं असतं तं समजलं असतं मले.”

मी पिशवी पाठीमागे सरकवली. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“लावून दे,” ती म्हणाली. “तो स्टेजवरचा बाबू लावून फिरून राहिला होता, आता मी लावून जाते गावाले.”

मी तिच्या लुगड्याच्या पदरावर उजव्या बाजूला पिन लावली. तिनं खाली पाहिलं.

“इकडं काहून? सगळे तं तिकडं लावते.”

“ती बाजू त्याची हाय वं, बायजाबाई. तिथं फक्त जितेंद्रनंच लावाचं.”

तिनं शाल आणि नारळ पिशवीत टाकला, सन्मानचिन्ह उचलून खुर्चीवर सोडलं. मी तिला बसपर्यंत सोडायला गेलो. खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं तिकिटासाठी हात पुढे केला, मेडल पाहिलं आणि दोन पावलं मागं होऊन सरळ उभा राहिला. तिचं लक्ष नव्हतं. बस निघाली तेव्हा तिचा डावा हात खिडकीच्या दांडीवर होता आणि उजवा हात डाव्या छातीवर, जिथं काहीच लावलेलं नव्हतं, तिथं झाकून धरलेला.