हातोड्याचा पाय

शर्यतीच्या मैदानावर सगळे तिच्या नवऱ्याला हातोडा म्हणत, आणि त्यात कुणाची काही चूक नव्हती. लोखंडी दारं-खिडक्या करणारा माणूस. एखादी गोष्ट हलेना की हाणा, एवढंच शास्त्र त्याला ठाऊक. तेच शास्त्र तो मोटरसायकलच्या गियरलाही लावायचा. गाडी त्याच्या वडिलांच्या तरुणपणची, बाजूला तिसरं चाक आणि फळी जोडलेली, चिखलातून टेकाडांवरून पळवायची. चालवायचा तो. फळीवर उभं राहून, वळणावर बाहेर लोंबकळून तोल सांभाळायची त्याची बायको. म्हणजे गियर ह्याने हाणायचा आणि गचका हिने खायचा. काय पण न्याय!

मागच्या शर्यतीत ह्या शहाण्याने ऐन वळणात गियरला लाथ घातली. गियर मधेच लटकला, इंजिन नुसतं बोंबलत राहिलं, आणि मग असा काही हिसका बसला की ही चिखलात उताणी! उठली तेव्हा फक्त डोळे दिसत होते, आणि त्यांत अंगार.

"पुढच्या वेळी एकदा जरी पडले ना," ती म्हणाली, "तर मी भाऊजींच्या फळीवर उभी राहीन. आत्ताच सांगून ठेवते."

भाऊजी म्हणजे तिचा धाकटा दीर. त्याचीही तसलीच गाडी होती आणि त्याचा जोडीदार कंटाळून निघाला होता. "वहिनी, कधीही या!" तो दात काढत म्हणाला. हातोड्याचं तोंड असं उतरलं की बघवेना. घास गोड लागेना त्याला. शेवटी एका दुपारी तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"काय करू ते सांग. करतो."

ती शिवणकाम करायची. तिने त्याला सरळ आपल्या विजेच्या शिलाई मशीनवर बसवलं. पायाखालचं पेडल जेवढं दाबाल तेवढं ते पळणार. "ह्या खुणेवरून शिवा." हातोड्याने पेडल हाणलं. मशीन सुसाट सुटलं, कापड ओलांडून गेलं आणि त्याच्याच सदऱ्याची बाही शिवून मोकळं झालं. ती हसून हसून खाली बसली.

"अहो, दाबायच्या आधी नुसता टेकवा पाय! गियरचंही तेच आहे. वळणाच्या आधीच दांडीला पाय लावून ठेवायचा. मग ॲक्सिलरेटरची मूठ जराशी सैल केलीत की इंजिन श्वास सोडतं. तेवढ्यात दांडी आपणहून आत जाते. मला कळतं ते फळीवर. माझीच हाडं मोडतायत ना!"

उशांचे अभ्रे गेले, दोन पडदे गेले. पण टाका सरळ पडायला लागला. मग अंगणात गाडी घोडीवर चढवून मागचं चाक मोकळं फिरवायचं आणि गियर बदलत राहायचं, असं सुरू झालं. शेजाऱ्यांनी कानात बोटं घातली. ती मात्र फळीवर हात ठेवून म्हणायची, "जड. पुन्हा."

शर्यतीच्या दिवशी झेंडा पडला आणि चिखलाचा पाऊसच उडाला! पहिल्या चढावर तिने कडी घट्ट धरली, दातावर दात दाबले. आता येणार गचका. आलाच नाही! गाडी लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. तिला ओरडावंसं वाटलं, आणि ती ओरडलीच. "अरे वा रे माझ्या राजा!" पुढची फेरी, त्याच्या पुढची. ती वळणावर जमिनीला टेकेपर्यंत बाहेर झुकत होती, आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता. शेवटच्या वळणात भाऊजींचा गियर लटकला, इंजिन बोंबललं, आणि हे दोघे त्यांच्या बाजूने निसटले. जिंकले! अहो, चक्क जिंकले!

रेघ ओलांडताच हातोड्याने इंजिनच बंद केलं आणि गाडी कुंपणापर्यंत गडगडू दिली.

"बंद का केलीत?" तिने हेल्मेट काढत विचारलं.

त्याने डाव्या हाताखालचा क्लचचा लिव्हर दाबून दाखवला. तो सैल लोंबत होता. "तार तुटली."

"कधी?"

"दुसऱ्या फेरीत. चढावर."

म्हणजे तेव्हापासूनचे सगळे गियर त्याने क्लचशिवाय, नुसत्या पायाने आणि कानाने बदलले होते. आणि तिला एकही जाणवला नव्हता.

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू अंग आवळून धरलं असतंस," तो चिखल पुसत म्हणाला. "इतकी मोकळी झुकली नसतीस. मग मला वळताच आलं नसतं गं."

रडायचं की हसायचं ते कळेना, म्हणून तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तेवढ्यात भाऊजी धापा टाकत आले.

"वहिनी, मग काय ठरलं? येताय ना माझ्याकडे?"

"भाऊजी, तुम्ही दुसरं कुणीतरी बघा," ती म्हणाली. "हा पाय मी आता जन्मात सोडणार नाही."