मी डिंक्या, एकटा झोपायला शिकलो

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. रंगाने तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. नेरूळच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझं नाव डिंक्या. हे नाव मला कसं पडलं आणि पुढे काय काय घडलं, ते आज तुम्हाला सांगतो. ते आठवलं की मी अजूनही थक्क होतो.

माझं लहानपण जवळच्याच सीवूड्समधल्या एका बांधकामावर गेलं. तेव्हा सीवूड्सला स्टेशन नव्हतं. जिकडे तिकडे मातीचे ढीग, लोखंडी सळ्या आणि खाडीवरून येणारा खारट वारा. अर्धवट इमारतीखाली मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्या होत्या. त्यांनी मला पाळलं. ते मला नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधत आणि त्यांची मुलं माझ्या शेजारी गोणपाटावर झोपत. इमारत पुरी झाली. एका दुपारी मला गाढ झोप लागली. ट्रकची ये-जा रोजचीच असल्यामुळे मी काही उठलो नाही. जाग आली तेव्हा मुलं नव्हती, गोणपाट नव्हतं, कोणीच नव्हतं. गळ्यातली दोरी तेवढी होती.

मी ओरडलो, हिसके दिले. दोरी मानेत रुतली. शेवटी आवाजही निघेना. त्या रस्त्याने दिवाळे गावची कोळीण वेणूबाई मासळीची पाटी घेऊन जायची. तिने मला पाहिलं आणि तिच्याकडून नेहमी मासे घेणाऱ्या मीनाताईंना हाक मारली.

"बाय, इकरं ये गो! यो कुत्रा बघ, बांधलेला हाय. मानसा गेली सोरून."

मीनाताईंनी गाठ सोडवली, ओंजळीतून पाणी पाजलं आणि मला घरी नेलं. घरात त्यांचे पती श्यामसुंदर आणि शाळेत जाणारी मुलगी अबोली. केवढं ते घर! डोक्यावर आपोआप फिरणारा वारा, पाय घसरतील अशी गुळगुळीत फरशी, आणि भिंतीतून येणारं पाणी. मी बघतच राहिलो.

पण मित्रांनो, माझ्या मनात दोन गोष्टी घट्ट बसल्या होत्या. आपण झोपलो की माणसं निघून जातात. आणि दोरी बांधली की कोणी परत येत नाही.

त्यामुळे मी मीनाताईंच्या पायांवर पडूनच झोपायचो. त्यांनी कूस बदलली तरी दचकून उठायचो. त्या आंघोळीला गेल्या की दाराच्या फटीला नाक लावून बसायचो. त्या बँकेत गेल्या की त्या येईपर्यंत रडायचो. दाराचा रंग मी नखांनी खरवडून काढला. अबोली हसून म्हणाली, "आई, हा तर डिंक आहे डिंक!" त्यावरूनच मी डिंक्या झालो.

फिरायला नेलं तर आणखी पंचाईत. गळ्यात दोरी आली की मी मीनाताईंच्या पायांत घुसायचो. एकदा रस्त्यात डंपरने मोठ्याने हॉर्न वाजवला. मी घाबरून त्यांच्याभोवती गोल फिरलो, दोरी पायांत गुंतली आणि त्या पडल्या. मनगटाचं हाड मोडलं.

श्यामसुंदर खूप चिडले. "मीना, आता बस. सोसायटीवाले रोज कम्प्लेंट करतात. तू रात्र रात्र झोपत नाहीस. आणि आता हे! मी याला कुठेतरी सोडून येतो."

"एकदा सोडलाय त्याला," मीनाताई म्हणाल्या. "परत सोडायचा?"

त्यांनी ताईंच्या प्लास्टरमधल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. तुझं प्लास्टर निघेपर्यंत बघू. तोवर सुधारला तर ठीक, नाहीतर माझं ऐकायचं."

दुसऱ्या दिवशी ते दोघं मला वाशीला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर बुशरा वयाने लहान होत्या. त्यांनी माझ्या मानेवरचा वण हळूच चाचपला.

"याला भीती बसलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात की परत येता, हे त्याला माहीतच नाही. ते शिकवावं लागेल. पण न मारता, न ओरडता, आणि अगदी थोडं थोडं."

"पण माझा हात असा," मीनाताई म्हणाल्या.

सगळ्यांनी श्यामसुंदरांकडे पाहिलं.

"मी?" ते म्हणाले.

आणि मित्रांनो, मला सोडून यायला निघालेला तोच माणूस माझा मास्तर झाला! त्यांनी एक जुनी गोधडी पलंगाशेजारी अंथरली. मी वर चढलो की ते मला उचलून खाली ठेवत आणि एवढंच म्हणत, "डिंक्या, जागेवर." मी पुन्हा चढे, ते पुन्हा ठेवत. पण एक हात पलंगावरून खाली सोडून ते झोपत, म्हणजे मला त्यांच्या बोटांचा वास येत राही. मग गोधडी हळूहळू सरकू लागली. आधी कपाटापाशी, मग दारापाशी, मग बाहेर हॉलमध्ये.

ऑफिसचे कपडे घालून ते दाराबाहेर जात, दार लावत आणि लगेच आत येत. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. जिन्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी विचारलं, "काय हो, चावी विसरलात का?"

"नाही हो. कुत्र्याला शिकवतोय."

शेजारी हसले. मी मात्र हसलो नाही. दार बंद व्हायचं, दार उघडायचं आणि तोच माणूस आत यायचा. गेलेला माणूस परत येतो! याहून मोठा चमत्कार मी पाहिलेला नाही.

नायलॉनची दोरी त्यांनी फेकून दिली आणि सुती पट्टा आणला. पहिले काही दिवस तो नुसता माझ्या ताटलीशेजारी पडून असायचा. गळ्यात घातला तेव्हा मला त्याचा वास ओळखीचा झाला होता. फिरताना मी पायांत घुसलो की श्यामसुंदर खांबासारखे उभे राहत. मी बाजूला झालो, पट्टा सैल झाला, की शाबासकी आणि चिमूटभर सुकट. ती सुकट वेणूबाईकडून यायची आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. ऑफिसात त्यांच्या शेजारी कोणी बसेना, असं अबोली सगळ्यांना सांगायची.

एका सकाळी आम्ही खाडीकडे निघालो होतो. पट्टा दोघांमध्ये सैल लोंबत होता आणि माझं त्याकडे लक्षही नव्हतं. मी मान वर केली. समोर पाणी, पाणी आणि पाणी! कांदळवनावर पांढरे बगळे, आणि वर केवढं तरी आभाळ. त्या वाटेने मी कितीदा गेलो होतो, पण तोवर मला फक्त माणसांचे घोटे दिसले होते. मी उभाच राहिलो. श्यामसुंदरही थांबले. त्यांनी पट्टा ओढला नाही.

मग प्लास्टर काढायचा दिवस आला. तिघंही दवाखान्यात गेले. दार बंद झालं. मी दारापाशी गेलो, फट हुंगली. जिन्यावरची पावलं विरत गेली. मी बराच वेळ उभा राहिलो, मग वळलो, गोधडीवर जाऊन गोल फिरलो आणि बसलो. पुढचं मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा तिघं दाराशीच फरशीवर बसलेले होते. श्यामसुंदरांच्या हातात चपला होत्या आणि तोंडावर बोट.

"हळू," ते कुजबुजत होते. "झोपलाय तो. उठवू नका."

मीनाताईंचा मोकळा झालेला हात बारीक आणि फिकट दिसत होता. त्याच हाताने त्या डोळे पुसत होत्या.

"बाबा, मग हा राहणार ना?" अबोलीने विचारलं.

"म्हणजे? जाणार असं कोण म्हणालं होतं?" श्यामसुंदर म्हणाले. मीनाताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मित्रांनो, तुमच्या इमारतीखाली एखादं कुत्रं सारखं पायांत येत असेल, तर 'हाड!' म्हणण्याआधी जरा थांबा. आणि त्याला घरी नेलंत, तर चिडू नका, घाई करू नका. थोडं दूर जा आणि परत या. पुन्हा जा, पुन्हा या. तुमच्या घरी रोज संध्याकाळी सगळे परत येतात, म्हणून ती गोष्ट तुम्हाला साधी वाटते. ती साधी नाही. ज्याच्याकडे कधी कोणी परत आलंच नाही, त्याच्यासाठी दाराची कडी वाजणं म्हणजे सगळं जग परत मिळणं असतं.